वॉलायसाठी क्रँकबेट: शंभर डॉलरच्या डब्यात काय भरावं

क्रँकबेट म्हणजे पाण्यातून ओढलं की माशासारखं डुलणारं, पुढे पातं असलेलं कृत्रिम आमिष. दुकानात क्रँकबेटच्या भिंतीसमोर उभं राहिलं की नजर आधी रंगांवर जाते. फायरटायगर, क्लाऊन, जांभळं, सोनेरी. पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते. एकाच खोलीवर चालणारी सहा रंगांची सहा आमिषं घेतली, तर पाण्याच्या एकाच थरातून सहा वेळा फेरी मारल्यासारखं होतं, आणि मासा मात्र आठ फूट खाली निवांत बसलेला असतो. वॉलायसाठी निवडीचा क्रम पक्का ठेवा: आधी खोली, मग वेग, मग अंगाची ठेवण, आणि सगळ्यात शेवटी रंग. या क्रमाने घेतलेली बारा आमिषं रंगाच्या मोहाने जमवलेल्या चाळीसांपेक्षा जास्त कामाची ठरतात.

वॉलाय हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्याचा मासा. भारतात तो नाही. पण डेट्रॉइट, क्लीव्हलँड, मिनियापोलिस, टोरांटो या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत, आणि पांढऱ्या मांसाचा, काढायला सोप्या काट्यांचा हा मासा रव्यात घोळवून तळायला उत्तम. पुढची माहिती या पट्ट्यातल्या तळ्यांसाठी, विशेषतः ईरी सरोवरासाठी आहे.

मासा काय बघतो

वॉलायच्या डोळ्यात मांजरासारखा प्रकाश परतवणारा पडदा असतो. त्यामुळे पहाटे, संध्याकाळी, रात्री, किंवा वाऱ्याने पाणी ढवळलेलं असताना त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं, आणि तेव्हाच तो खायला निघतो. पर्च, शायनर, स्मेल्ट, शॅड हे छोटे मासे त्याचं रोजचं जेवण. म्हणून बास माशासाठीची गोलमटोल क्रँकबेट इथे फारशी उपयोगी नाहीत. लांबट किंवा चपटं अंग हवं.

तो वर बघून झडप घालतो. आमिष त्याच्या एक ते तीन फूट वरून गेलं तर तो उठून घेतो. खालून गेलं तर बहुतेक वेळा दुर्लक्ष करतो. सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि खोली दाखवणाऱ्या यंत्रावर, मासे १८ फुटांवर दिसत असतील, तर आमिष १५ ते १७ फुटांवर हवं, २० वर नाही. चुकायचंच असेल तर वरच्या बाजूला चुका.

ओठ वाचायला शिका

पुढच्या प्लास्टिकच्या पात्याला ओठ म्हणू. ओठ लांब, रुंद आणि अंगाच्या सरळ रेषेत पुढे आलेला असेल तर आमिष खोल जातं. आखूड आणि खाली झुकलेला असेल तर उथळ चालतं. पाकीट नसलेलं जुनं आमिष हातात आलं, तर एवढ्यावरून अंदाज बांधता येतो.

चाल अंगावरून कळते. शॅडसारखं चपटं, उंच अंग जोरात डुलतं. काडीसारखं लांब अंग कमी डुलतं आणि कुशीवर लोळल्यासारखं चालतं. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या खाली असताना काडीसारखं, शांत चालीचं आमिष घ्या, उन्हाळ्यात डुलणारं.

पाकिटावरची खोली ही खरी खोली नव्हे. ती ठरावीक जाडीच्या दोरीवर, ठरावीक अंतर सोडून मोजलेली असते. काही कंपन्या फेकून ओढतानाची खोली लिहितात, काही बोटीमागे ओढतानाची. ‘९ ते ११ फूट’ लिहिलेलं आमिष किनाऱ्यावरून फेकलं तर तिथवर क्वचितच पोचतं, कारण बराचसा प्रवास उतरण्यात आणि चढण्यात जातो.

डब्यात काय असावं

दुकानागणिक आणि सेलगणिक भाव बदलतात, म्हणून खालच्या किमती ठोकळ धरा.

मधल्या थरासाठी बर्कलीचं फ्लिकर शॅड. ५ नंबर म्हणजे ५ सेंटिमीटर, बोटीमागे ओढताना साधारण ९ ते ११ फूट. ७ नंबर ११ ते १३ फूट. सहा-सात डॉलरच्या आसपास मिळतं. याच जागी रापालाचं शॅड रॅप अनेकांना आवडतं, आणि थंड पाण्यात त्याची बालसा लाकडाची चाल सरस आहे हे मान्यच. पण त्याला जवळपास दीडपट पैसे पडतात, ते हलकं असल्याने वाऱ्यात फेकता येत नाही, आणि खडकावर दोन-चारदा आपटलं की लाकडाला चीर पडते. कमी बजेटमध्ये शॅड रॅप नंतर घ्या. त्याहून स्वस्त हवं असेल तर कॉटन कॉर्डेलचं वॉली डायव्हर. दिसायला साधं, पण ८ ते १२ फुटांच्या पट्ट्यात इमानदारीने काम करतं.

खोल थरासाठी बँडिट वॉलाय डीप. साधारण साडेचार इंच लांब. बरीच दोरी सोडली तर २५ फुटांच्या पुढे जातं. किंमत सात डॉलरच्या आसपास. ईरीवर याच्या जोडीला रीफ रनर डीप डायव्हरचं नाव घेतात. त्याची चाल मुद्दाम थोडी अस्थिर असते आणि माशांना ती आवडते. पण पाकिटातून काढलेलं रीफ रनर बऱ्याचदा सरळ चालत नाही, आधी सुधारून घ्यावं लागतं. नवख्याने बँडिटपासून सुरुवात करावी.

उथळ पाण्यासाठी आणि रात्रीसाठी दोन नावं. रापालाचं हस्की जर्क १२ नंबर ४ ते ८ फुटांत चालतं आणि थांबवलं की पाण्यात जागच्या जागी तरंगत राहतं. हे दहा-बारा डॉलरचं, डब्यातलं एकमेव महाग आमिष. पण ‘थांबून राहणं’ हा गुण स्वस्तात नीट मिळत नाही. दुसरं बॉम्बर लाँग ए. दोन ते चार फुटांवर चालतं, वजनदार म्हणून लांब फेकलं जातं, आणि मार खाऊनही टिकतं.

हिशेब असा: फ्लिकर शॅड ५ नंबरची दोन, ७ नंबरची तीन, बँडिट डीप चार, हस्की जर्क दोन, लाँग ए एक. बारा आमिषं, कर सोडून नव्वद डॉलरच्या आसपास. उरलेल्या दहात चांगल्या स्नॅपचं (दोरीला आमिष जोडायच्या छोट्या कड्यांचं) एक पाकीट आणि थोड्या स्प्लिट रिंग, म्हणजे गळ अडकवायच्या दुहेरी वेढ्याच्या कड्या.

एकाच मॉडेलची दोन-चार का? एक चाललं की दुसऱ्या रॉडलाही तेच लावता येतं, आणि एक अडकून गेलं तरी गवसलेला नेम हातचा जात नाही. मात्र हे राज्याच्या नियमावरही अवलंबून आहे. मिशिगनमध्ये माणशी तीन दोऱ्या चालतात. मिनेसोटात उन्हाळ्यात मोकळ्या पाण्यात माणशी एकच. तिथे प्रत्येक मॉडेलचं एकेक आणि सर्वांत जास्त वापरात येणाऱ्याचं एक जादा, एवढं पुरतं. साठ डॉलरच्या आत भागतं.

बोट नसेल तर खर्च आणखी कमी. नोव्हेंबरात ईरीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या धक्क्यांवरून अंधार पडल्यावर वॉलाय हाताशी येतात. त्यासाठी दोन हस्की जर्क आणि दोन लाँग ए पुरेत. फेका, रीळ संथ फिरवा, मध्येच दोन ते पाच सेकंद थांबा. झटका बहुतेक थांब्यातच बसतो. पाणी जितकं गार, तितका थांबा लांब. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे भरभर ओढणं. हात आवरत नसेल तर मनात अंक मोजा.

दोरी बदलली की खोली बदलते

आमिष किती खोल जाईल हे तीन गोष्टींवर ठरतं: ओठ, सोडलेल्या दोरीची लांबी आणि दोरीची जाडी. बोटीचा वेग थोडा वाढल्याने ते फार खोल जात नाही. ओठ जास्त जोर लावतो हे खरं, पण दोरीवरचा पाण्याचा रेटाही तेवढाच वाढतो.

खोलीच्या तक्त्यांमध्ये पूर्वापार १० पौंडी मोनो, म्हणजे आपला तंगूस, प्रमाण धरलाय. सुरुवातीला तोच भरा. स्वस्त आहे, आणि ताणला जात असल्याने माशाचा झटका सोसतो. विणलेली ब्रेडेड दोरी बारीक असते, म्हणून तेच आमिष आणखी खोल जातं. पण ती ताणली जात नाही. वॉलायच्या तोंडाची कातडी पातळ, त्यामुळे कडक रॉड आणि घट्ट ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) असेल तर गळ फाडून निघतो. ब्रेड वापरायचीच तर मऊ, सावकाश वाकणारा रॉड घ्या आणि ड्रॅग सैल ठेवा.

पहिल्या शंभर फुटांत आमिष झपाट्याने उतरतं. दीडशेनंतर प्रत्येक फूट खोलीसाठी पुष्कळ दोरी खर्च होते. २०० फूट दोरी सोडून उथळ आमिष खोल नेण्याचा हट्ट करण्यापेक्षा मोठ्या ओठाचं आमिष लावा.

स्वतःचा तक्ता तयार करायला काही खर्च नाही. वाळूचा किंवा चिखलाचा, हळूहळू उतरत जाणारा तळ शोधा. खोलीकडून किनाऱ्याकडे ताशी २ मैल वेगाने जा, मागे ६० फूट दोरी. आमिष तळाला लागलं की रॉडचं टोक ठकठक हलू लागतं. त्या क्षणी सोनारवर आमिषाच्या जागेची खोली लिहून घ्या. बोट ६० फूट पुढे आलेली असते हे विसरू नका. मग ९०, १२० आणि १५० फूट दोरीवर तेच करा. एका सकाळी तीन मॉडेलांचा तक्ता होतो. डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

सोडलेली दोरी मोजण्यासाठी लाइन काउंटर रीळ असेल तर बरं, आणि या धंद्यात आमिषांपेक्षा तिथे घातलेले पैसे जास्त परत येतात. ओकुमा आणि डायवाची साधी मॉडेलं पुरतात. रीळ काठोकाठ भरलेलं असलं तरच आकडा बरोबर येतो; अर्धं रिकामं रीळ असेल तर दाखवतो त्यापेक्षा कमी दोरी गेलेली असते. काउंटर नसेल तर मोकळ्या जागेत दोरी पसरून दर ३० फुटांवर पक्क्या मार्करने खूण करा. उन्हाने आणि पाण्याने खुणा फिकट होतात, महिन्यातून एकदा गिरवा.

कमी आमिषांत जास्त थर गाठायचे असतील तर स्नॅप वेट, म्हणजे दोरीला चिमट्याने लावायचं शिसं, फार उपयोगी. आमिष ५० फूट सोडा, एक औंसाचं शिसं लावा, आणखी ५० फूट सोडा. फ्लिकर शॅड ५ नंबरसारखं छोटं आमिष मग आपल्या नेहमीच्या थराखाली जातं. वेग कमी केला की शिसं आणखी बुडतं, हे मात्र क्रँकबेटच्या उलट, म्हणून वळणावर सावध राहा: आतल्या बाजूची दोरी संथ होते आणि शिसं तळाला टेकतं. चिमटा विकतचाच घ्या. कपड्याच्या चिमट्याचे जुगाड ऐन वेळी निसटतात.

ईरीचं पश्चिम खोरं सरासरी २४ फूट खोल आहे. तिथे पूर्ण दोरीवरचं बँडिट तळ खरवडत जातं आणि झेब्रा शिंपल्यांच्या धारेवर दोरी कापली जाते. मधल्या खोऱ्यात, जिथे सरासरी खोली ६० फुटांच्या आसपास आहे आणि मासे अधांतरी असतात, तिथे हेच बँडिट आपलं खरं काम करतं.

सरळ चालतं का ते बघा

वाकडं चालणारं आमिष म्हणजे फुकट गेलेला रॉड. ते ठरल्या खोलीवर जात नाही, शेजारच्या दोरीत गुंततं, आणि वेग वाढवला की उलटून वर येतं. स्वस्त आमिषांत हे जास्त आढळतं, पण महागही सुटत नाहीत. प्रत्येक नवं आमिष बोटीच्या कडेला, सहा ते आठ फूट दोरीवर, आधी २ आणि मग ३ मैल वेगाने चालवून बघा. २ वर सरळ आणि ३ वर कलणारं आमिषही दुरुस्तीला घ्या.

दुरुस्ती नाकाच्या कडीची, म्हणजे जिथे दोरी बांधतो त्या तारेची. आमिषाचं नाक स्वतःकडे धरा. ते तुमच्या उजवीकडे पळत असेल तर कडी तुमच्या डावीकडे वाकवा, डावीकडे पळत असेल तर उजवीकडे. बारीक टोकाची पक्कड वापरा आणि केसभरच वाकवा. डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकंच. पुन्हा चालवा, पुन्हा बघा. चार-पाच खेपा लागतात. कडी वाकवायची, पिळायची नाही. काही लाकडी आमिषांत ती स्क्रूसारखी बसवलेली असते. पिळली तर सैल होऊन आत पाणी शिरतं.

इतकं करूनही सुधारलं नाही तर कडीपलीकडे बघा. दोरी स्प्लिट रिंगच्या फटीत सरकलीय का? पोटाखालचा गळाचा आकडा वाकलाय का? ओठाला गवताची काडी आहे का? काडी एवढीशी असते, पण चाल पार मारते. कानाजवळ हलवून बघा, आत पाणी खळखळत असेल तर ते आमिष संपलं. सरळ चालणाऱ्यावर पोटाशी मार्करची टिकली लावा, म्हणजे अंधारात डबा उघडल्यावर विचार करावा लागत नाही.

बांधताना गोल नाकाचा छोटा स्नॅप वापरा. फिरकी, म्हणजे स्विव्हल, नको; तिचं वजन नाक खाली ओढतं. टोकदार नाकाचा स्नॅप असेल तर आमिष एका बाजूला अडकून बसतं. आणि स्नॅपशिवाय थेट गाठ बांधायची वेळ आली तर घट्ट गाठ नको, सैल फासा ठेवा.

रंगाबद्दल थोडंच

वॉलायच्या डोळ्याला हिरवा आणि नारिंगी हे पट्टे सर्वांत चांगले कळतात. पाणी नितळ असेल तर चंदेरी किंवा पर्चसारखा रंग. हिरवट असेल तर फायरटायगर आणि पोपटी-पिवळा. गढूळ असेल तर नारिंगी. रात्री रंगाला अर्थ नाही, आकृतीला आहे. काळं किंवा जांभळं पोट आभाळाच्या उजेडावर उठून दिसतं. प्रत्येक थरात एक नैसर्गिक आणि एक भडक, एवढ्यावर थांबा. तिसरा रंग हवाच असेल तर नेलपॉलिश आहे. जुन्या आमिषाला बारीक सँडपेपर मारा, दोन पातळ हात द्या, वर पारदर्शक हात. डोळ्यांना हवा तितका शोभिवंत नाही झाला तरी मासा तक्रार करत नाही.

जुनं, नक्कल आणि फसवणूक

गराज सेल आणि मोसम संपल्यावरचे सेल ही खरी कमाईची जागा. जुनं घेताना गंजलेले गळ चालतील, ते बदलता येतात. ओठाला चीर, सैल कडी किंवा फुगलेलं लाकूड असेल तर फुकटही नको.

ऑनलाइन वीस डॉलरला तीस आमिषांचे संच दिसतात. त्यात गळ तारेसारखे सरळ होतात, स्प्लिट रिंग उघडतात आणि दोन्ही अर्धांच्या जोडातून पाणी शिरतं. घेतलेच असतील तर चाचणी सोपी: कोमट पाण्यात बुडवून धरा. आतली हवा प्रसरण पावते, आणि जोडातून बुडबुडे निघाले तर तो जोड फुटका. उकळतं पाणी नको, अंगच वाकडं होतं. गळ आणि रिंगा बदलायचा खर्च मिळवला की हे संच फ्लिकर शॅडच्या भावापासून फार लांब राहत नाहीत.

गळाची धार नखावर बघा. टोक नखावर टेकवून हलकेच ओढलं की अडकायला हवं; घसरलं तर कानस फिरवा किंवा बदला. बदलताना त्याच मापाचा घ्या. एक माप मोठा लावला तर तरंगणारं आमिष बुडू लागतं, आणि हस्की जर्क थांबून राहण्याऐवजी खाली जातं. हस्की जर्कची परीक्षा घरच्या बादलीत घेऊ नका. गार पाणी दाट असतं, त्यात तेच आमिष वर येतं. तळ्यातच बघा.

अडकलं तर

आधी जोर लावू नका. बोट उलट दिशेला न्या, दोरी सैल सोडा. तरंगणारं आमिष कित्येकदा स्वतःच सुटून वर येतं. नाही आलं तर जुना स्पार्क प्लग तारेच्या कडीने दोरीत अडकवा आणि दोरी ताठ धरून सोडून द्या. तो घसरत जाऊन आमिषाच्या नाकावर आपटतो. दोन-तीनदा दोरी ढिली-ताठ केली की सात डॉलर परत येतात. मोटर दुरुस्तीवाल्याकडे असे प्लग फुकट मिळतात.

निघण्याआधी

वसंतात, पाणी ४५ ते ५० अंश असताना, ताशी १ ते १.५ मैल. उन्हाळ्यात २ ते २.५. झटके बसत नसतील तर आमिष बदलण्याआधी वेग बदला आणि बोट सरळ न नेता नागमोडी न्या. वळणाच्या बाहेरचा रॉड वाजला तर वेग वाढवा, आतला वाजला तर कमी करा.

ओहायोच्या मॉमी आणि सँडस्की नद्यांत मार्च-एप्रिलच्या विणीच्या दिवसांत एकेरी गळाचा नियम असतो, त्यामुळे तिहेरी गळाचं क्रँकबेट तिथे चालत नाही. मॅनिटोबात गळाला उलटा काटा असता कामा नये. पक्कडीने दाबून सपाट केला की झालं. त्या वर्षीची नियमपुस्तिका फुकट मिळते, परवान्यासोबतच घ्या.

घरी आल्यावर डबा उघडा ठेवून आमिषं वाळवा, नाहीतर एका रात्रीत गंज चढतो. उन्हात तापलेल्या गाडीत डबा ठेवू नका. आणि रबरी अळ्या क्रँकबेटच्या कप्प्यात कधीच टाकू नका. त्यातल्या तेलाने रंग आणि प्लास्टिक दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात.